पानमळ्याची मोजणी

मोजणीची नोटीस घेऊन कोतवाल घरी आला, तेव्हा बाबांनी सही केली, त्याला चहा पाजला आणि दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. मला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. आधी अकोल्याच्या उन्हाची चौकशी झाली, मग माझ्या शाळेची, मग जावयाच्या ब्लड प्रेशरची. अगदी फोन ठेवता ठेवता म्हणाले, "शेजारच्या काकानं मोजणी टाकली. आपण धुरा सरकवला म्हणते."

बाबांची ही जुनीच खोड आहे. मुद्द्याचं बोलणं शेवटी, तेही दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. मी चिडून विचारलं, "सरकवला का आपण?" त्यांनी फोन ठेवला.

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या पानमळ्याला लागून काकांचं कपाशीचं शेत आहे. मधल्या धुऱ्यालगत शेवरीच्या झाडांची शेवटची रांग आणि त्या रांगेजवळ आमची विहीर. रांग आजोबांनी लावली, विहीरही त्यांनीच खणली. आणि आजोबांचा स्वभाव आम्हां सगळ्यांना ठाऊक होता. बाजारात वांगी घेतली तरी वर एक जास्तीचं टाकून घेतल्याशिवाय तो माणूस तराजूसमोरून हलायचा नाही. लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. नोटीस आल्यावर मात्र तेच वांगं माझ्या डोळ्यांसमोरून हटेना. भाजीवाल्याला न सोडणाऱ्या माणसानं शेजाऱ्याची चार हात जमीन सोडली असेल का? हा प्रश्न बाबांच्याही मनात होता. आईच्याही. घरात तो कुणी बोलून दाखवला नाही.

नागवेलीचं लाड करून घेणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं, की या वेलीला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि तहान तर मुळीच सोसत नाही. शेवरीच्या दाट सावलीत, ओल्या वाफ्यात ती वाढते. उन्हाळ्यात पाणी चुकलं की मान टाकते. विहीर काकांच्या हद्दीत निघाली तर पानमळा संपला, एवढा साधा हिशोब होता. बाबांचं सगळं आयुष्य त्या मळ्यात गेलं होतं. त्यांना दुसरं काही येत नाही. कपाशीतला फवारासुद्धा धड मारता येत नाही.

मोजणीच्या दिवशी मी रजा टाकली आणि अकोटला गाडी बदलून अंजनगावला पोचले. मळ्यावर गेले तर अर्धं गाव धुऱ्यावर. मोजणीला आलेली बाई माझ्याहून लहान होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. तिच्या हातात उंच काठी, काठीच्या टोकावर ताटलीएवढं पांढरं मशीन, आणि काठीला मधोमध मोबाइलसारखी स्क्रीन अडकवलेली. पूर्वी मोजणी म्हणजे साखळी, टेबल आणि दिवसभराचा घोळ. आता म्हणे हे मशीन आभाळातल्या सॅटेलाइटांशी बोलतं आणि आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगतं. शेताचा जुना नकाशा त्यात भरलेला असतो. हद्दीचा कोपरा कुठे आहे, किती पावलं इकडे, किती तिकडे, ते मशीनच दाखवत जातं. ती हे समजावत होती आणि बाबा आभाळाकडे बघत होते.

पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. आणि बायकांनी त्या चार दिवसांत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. आईनं त्या बाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मॅडम, अडचण तं नाई ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरकारी कामावर आलेल्या बाईला असं विचारतात का? ती कोरड्या आवाजात "नाही" म्हणाली, बूट काढले आणि आत गेली. अडचण मलाच होती. म्हणून मी फाटकाबाहेर उभी राहिले. याच फाटकापाशी मी आईशी शाळेत असल्यापासून भांडत आले आहे, पण त्या दिवशी भांडायचा धीर नव्हता. आपल्या पायानं काही वाईट झालं तर, असं माझ्यासारख्या शिकल्यासवरलेल्या बाईच्या मनात येऊन गेलं. भीती माणसाला कुठपर्यंत नेते बघा.

आतलं काही दिसत नव्हतं. फक्त मशीनची टीकटीक ऐकू यायची, मध्येच थांबायची. दर वेळी ती थांबली की मला वाटायचं, झालं, सापडली रेघ. काका माझ्यापासून थोड्या अंतरावर तंबाखू मळत उभे होते. लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारे काका. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "झाडांखाली सिग्नल नीट येत नाही. एकदा एक जागा दाखवतं, एकदा दुसरी. याला आभाळ मोकळं लागतं."

"मंग?" बाबांनी विचारलं.

"मग काही नाही. पुढच्या आठवड्यात मी दुर्बिणीचं मशीन सोबत आणते. बाहेरच्या मोकळ्या जागेवर या मशीननं खुणा घेऊ आणि तिथून दुर्बिणीनं आतलं मोजू. झाडांना हात लावायची गरज नाही."

हे तिनं स्पष्ट सांगितलं. मी ऐकलं, बाबांनी ऐकलं, काकांनीही ऐकलं. मी संध्याकाळच्या गाडीनं अकोल्याला परतले. वर्गात पोरांना शिकवताना खडू हातात तसाच राहायचा. घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरायचे. नवरा म्हणाला, फार तर चार हात जमीन जाईल, एवढं काय. त्याला नोकरदारांच्या घरात जन्मल्याबद्दल मी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या मोजणीच्या दोन दिवस आधी आईचा फोन आला. आई स्वतःहून फोन करत नाही. तिचा आवाज ऐकताच मी खुर्चीवर बसले.

"तुह्या बापानं शेवरी छाटली," ती म्हणाली.

"कोणती?"

"धुऱ्याची सारी रांग. अन् तिच्या मांगच्याबी रांगा. आदल्या सोमवारीच छाटली. तुले सांगू नोको म्हणत होते."

बाहेर वैशाखाचं ऊन होतं. आमच्याकडचं वैशाखाचं ऊन म्हणजे दुपारी कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसतो. मी ओरडले, बाबांना फोन दे म्हटलं. ते आले. मी म्हटलं, "बाबा, कावून केलं असं? त्या मॅडमनं सांगितलं होतं ना, झाडाले हात लावू नका म्हणून."

ते शांतपणे म्हणाले, "गावात बोलून राहिले, की हे झाडाआड लपले. सरकारी कामात आडवे आले म्हणून केस होईन म्हणते."

"कोण म्हणते? कुणाचंही ऐकता तुमी?"

"केसचं सोड. पण वरून पायनाऱ्याले दिसाले पायजे ना, पोरी. माह्या बापानं काई लपवलं नाई, हे वरून दिसाले पायजे."

तेव्हा मला कळलं. मॅडम जे बोलली ते त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांच्या मनात ते वेगळंच बसलं होतं. सॅटेलाइट म्हणजे वर बसून खाली बघणारं कुणीतरी. त्याला आभाळ मोकळं लागतं म्हणजे नजर लागते. आणि झाडाआडून, दुर्बिणीनं, बाहेरच्या बाहेर केलेली मोजणी म्हणजे अंदाज. त्या अंदाजात आजोबांची ख्याती आमच्या विरुद्ध जाणार, अशी त्यांना खात्री होती. माणसं आजोबांना ओळखत होती, वरचा ओळखत नव्हता. मी त्यांना ते मशीन कुणाला बघत नाही, फक्त आवाज ऐकल्यासारखं ऐकतं, हे सांगायला लागले. अर्ध्यात थांबले. सांगून काय उपयोग होता?

दुसऱ्या मोजणीला मी पोचले तेव्हा धुऱ्याकडचा मळा ओळखू येईना. शेवरीची नुसती खोडं उभी होती. त्यांच्या अंगाला वेली तशाच चिकटून होत्या, पानं तपकिरी, कडा आत वळलेल्या. हात लावला की चुरा व्हायचा. राहिलेल्या भागातही ऊन आडवं शिरत होतं आणि तिथली पानं पिवळी पडायला लागली होती. ती बाई दुर्बिणीच्या मशीनची पेटी खांद्यावर घेऊन आली आणि जागीच थांबली.

"झाडं कुणी छाटली?"

"म्याच," बाबा म्हणाले. "आता दिसते ना साफ?"

तिनं पेटी खाली ठेवली, ती उघडलीच नाही. काठी घेऊन आत गेली. उघड्या आभाळाखाली मशीनला या वेळी क्षणाचाही वेळ लागला नाही. ती स्क्रीनवर नजर ठेवून चालायला लागली. विहिरीकडे वळली तेव्हा आईनं माझा दंड धरला. तिची नखं मला रुतत होती, पण मी हात सोडवला नाही. बाई विहिरीजवळ थांबली. मला वाटलं, इथेच. ती पुढे सरकली. शेवरीच्या रांगेपाशी थांबली. मला वाटलं, इथे. ती रांग ओलांडून धुऱ्यावर चढली, पलीकडे उतरली आणि काकांच्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाटीत शिरली. तिथे दोनदा मागेपुढे झाली, काठी रोवली आणि सोबतच्या माणसाला चुन्याची खूण करायला सांगितली.

दुसऱ्या कोपऱ्यावरही तेच. रेघ सरळ काकांच्या शेतातून गेली. आजोबांनी जमीन घेतली नव्हती. उलट धुरा घालताना आपलीच थोडी सोडली होती.

काकांनी पुन्हा बघायला लावलं. तिनं पुन्हा बघितलं. मग ते बैलगाडीच्या वाटेनं निघून गेले. लोक बाबांना म्हणाले, "जमलं भाऊ तुमचं." बाबांनी सगळ्यांना मान डोलावली. आई रडत होती. मी आनंद व्हायची वाट बघत होते आणि तो होत नव्हता.

सगळे गेल्यावर बाबांनी मोटर सुरू केली. पाण्याची पाळी होती. पाणी पाटातून धुऱ्याकडच्या वाफ्यांत गेलं आणि करपलेल्या वेलींच्या बुडाशी साचलं. बाबा फावडं घेऊन एकेका वाफ्याचं तोंड फोडत होते, बांधत होते, रोजच्यासारखे. शेवरी वाढायला वर्ष जाईल, त्यावर नवी वेल चढायला आणखी, आणि बाबा आता सत्तरीला आले आहेत, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार, असं मी धरून चालले होते.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, ह्या वेली मेल्या."

त्यांनी फावडं थांबवलं नाही. "पाणी देऊ ना," म्हणाले. "आता विहीर आपली हाये."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते मला समजावत नव्हते, त्यांना तसं खरंच वाटत होतं. नोटीस आल्यापासून मी इतकी कधीच घाबरले नव्हते. मोटर बंद करायला मी खोपटापर्यंत गेले, बटणावर हात ठेवला, आणि तशीच परत आले.