रांगोळी नसलेली सकाळ

एकटीनं घर चालवायचं तर आधी पाण्याचं शिकून घ्यावं. जे. पी. नगरात आमच्याकडे पाणी दिवसाआड यायचं. ते जमिनीतल्या टाकीत साठायचं आणि मोटारीनं गच्चीवर चढवायचं. मोटार नुसतीच घरघरतेय आणि पाणी चढत नाही, तर आत हवा शिरली समजायचं. बटण बंद करून पंपावरचा नट काढायचा, तांब्यानं पाणी ओतायचं, बुडबुडे थांबले की नट आवळायचा. यजमान गेल्यावर मी हे करून करूनच शिकले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी कधी घालू नये, दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच आणावं. कढीपत्त्याला मात्र काही विकत आणायला नको, आंबट ताक पाण्यात कालवून घातलं की तो खूश.

तशी माणसाचीही सोय केली होती. समोरच्या घरात एक कन्नड अक्का राहायच्या. त्यांच्याशी ठरलं होतं, सकाळी माझ्या दारात रांगोळी दिसली की मी बरी आहे. दिसली नाही तर त्यांनी येऊन बघायचं. रांगोळी रोज काढतच होते, म्हणजे जास्तीचं काम काही नाही.

आणि एका संध्याकाळी गावाकडून फोन आला, चुलत दीर गेले. सुतक आलं. सुतकात रांगोळी काढत नाहीत, मीही नाही काढली. अक्कांना सांगायचं काही सुचलं नाही. सकाळी मागच्या अंगणात मोटार चालू होती, त्या आवाजात घंटा कुठली ऐकू येतेय. अक्कांनी दार ठोठावलं, घाबरून मुंबईला माझ्या मुलाला फोन केला आणि मग नवऱ्याला घेऊन मागच्या भिंतीवरून उतरल्या. मी कढीपत्त्यापाशी ताकाचा तांब्या घेऊन उभी.

"अय्यो अम्मा, रांगोळी कुठे आहे?"

"सुतक आहे हो."

"मग सांगायचं ना स्वल्प, थोडं तरी. माझा नवरा या वयात भिंत चढला."

मी लगेच मुलाला फोन लावला, तर घरून कळलं, तो स्टेशनवर जायला निघालाही होता. तेव्हा खिशात फोन नसायचे.

दुसऱ्या दिवशी तो आला, तो परतीची दोन तिकिटं काढण्याच्या बेतानंच. घर बंद करायचं आणि मला मुंबईला न्यायचं, गाडीत त्याचं ठरून झालं होतं. मला जायचं नव्हतं. तिथे तिसऱ्या मजल्यावर मी करू काय?

"आई, तुला सगळं जमतं, मान्य. पण खरंच काही झालं असतं तर?"

"तर अक्का आल्या असत्या. आल्याच की."

"चुकून आल्या."

"चुकून आले, पण किती लवकर आले?" अक्का दारातूनच म्हणाल्या. चहाला त्या आल्याच होत्या. "तुमच्या बिल्डिंगमध्ये शेजारी कोण, ते तरी माहीत आहे?"

 मग मुलानं खूण बदलायला सांगितली. बाहेरचा दिवा म्हटलं, तर तो इन्व्हर्टरवर नव्हता आणि करंट कधी जाईल भरवसा नाही. शेवटी अक्कांनीच काढलं: दुधाची पिशवी. दूधवाला पहाटे ती गेटाला अडकवून जातो, सात वाजेपर्यंत मी उचलायची. सुतकातही दूध लागतंच.

"सरी, ठीक आहे, पण अम्मानंच उचलायची," अक्का म्हणाल्या.

मुलानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रात्री सामान बांधायला कपाटाच्या किल्ल्या मात्र त्यानं मागितल्या नाहीत.

सकाळी मी उठले तर तो गेटाशी, हातात दुधाची पिशवी. समोरच्या गॅलरीतून अक्का बोट हलवत होत्या, तसं नाही, तसं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पिशवी परत गेटाला अडकवली आणि बाजूला झाला.

मी चपला घालून गेले आणि ती उचलली.