खालून वाचणाऱ्या नगराळे ताई

नगराळे ताई संगणकावरची चूक खालून वर वाचायच्या. स्क्रीनभर इंग्रजी ओळी सांडलेल्या, मी वरपासून वाचत घामाघूम, आणि ताई शेवटच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "रडगानं वर असते पोरी, दुखनं खाली." माझ्या कीबोर्डला मात्र त्या कधी हात लावत नसत.

सिंदी मेघेतल्या आमच्या छोट्या ऑफिसात रक्तदात्यांच्या यादीची वेबसाइट चालायची. त्या यादीच्या रचनेत काही बदलायचं तर फ्रेमवर्कला, म्हणजे वेबसाइट ज्या तयार सांगाड्यावर उभी होती त्याला, आधी लिहून द्यायचं, मग बदल त्यानं करायचा. याला मायग्रेशन म्हणतात. केळझरच्या शिबिराच्या आदल्या दिवशी ते अडलं. 'शेवटचं रक्तदान' हा रकाना आधीच आहे, असं सर्व्हर म्हणे. माझ्या मशीनवर तेच सुरळीत! दुपारपर्यंत माझी मती गुंग झाली. शेवटी वैतागून मी यादीचं अख्खं टेबल, म्हणजे सगळ्या नोंदींचा तक्ताच, उडवून नव्यानं बनवायला निघाले.

ताईंनी झटकन कीबोर्डवर तळवा ठेवला. "टेबल काय म्हनतं वं? मानसं हायेत त्यात! गावोगाव फिरून जमवलेली." मग शांतपणे विचारलं, "हातानं काई केलं का तू?"

"नाही हो ताई."

"आठव."

"नाही म्हटलं ना!" मी चिडले.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आठवलं. मागल्या आठवड्यात शिबिरवाल्यांचा घाईचा फोन आला होता आणि तो रकाना मीच थेट सर्व्हरवर टाकला होता. लिहून द्यायचं विसरले. आता फ्रेमवर्क बिचारं तोच पुन्हा टाकू पाहत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताईंनी दोन्हीकडचे रकाने ताडून पाहिले. "हे झालं हाये, असं सांग त्याले." सांगितलं, आणि गाडी पुढे सरकली. एकही नाव गेलं नाही. ताईंनी निळ्या वहीत नोंद केली. बिघाड, कारण आणि कोणाच्या हातून झाला, सगळं त्या टिपत. मालक ती वही दर शनिवारी वाचत. माझी नोकरी तेव्हा कच्चीच होती. दोन-तीन शनिवार जीव मुठीत धरून काढले. कोणी काही बोललं नाही.

ताई वारल्या, त्याला आता वर्ष होईल. परवा पुन्हा तसंच मायग्रेशन अडलं, पुन्हा माझ्याच आगाऊपणामुळे. म्हणून वही काढली. त्या दिवसाची नोंद होती: 'रकाना हातानं टाकला. नगराळे.'

कितीदा वाचली, तरी उलगडेना. चूक माझी, कबूलही मीच केलेली. काऊन केलं असं, ताई? विचारू कोणाला?

त्यांचं नाव खोडायला पेन उचललं, पण नाव तसंच राहू दिलं. मग खाली परवाची चूक लिहिली, आणि पुढे माझं नाव.