घाड्यांच्या घरचे पाच दिवस

धाकू घाडीचा प्रीतम सैन्यात जाणार, यावर मरोळच्या चाळीत कुणाचा विश्वासच बसेना. अहो, उंदीर दिसला तरी खाटेवर चढणारं ते पोर! बारावी झाल्यावर साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये बापाशेजारी लेथवर उभं राहिलं आणि वर्षभरात कंटाळलं. "पप्पा, हे मशीन मला गिळणार एक दिवस," म्हणालं आणि पहाटे उठून आरेच्या रस्त्याला धावायला लागलं. पहिल्या भरतीत छाती कमी भरली. दुसऱ्या खेपेला मात्र निवडलं गेलं, ते थेट पायदळात. बेळगावच्या कसम परेडला त्याची आई विमला नवी साडी नेसून गेली. मैदानात सगळी पोरं एकसारखी दिसत होती, त्यामुळे बाई भलत्याच पोराकडे बघून ढसाढसा रडली. प्रीतमने ही गोष्ट चाळभर रंगवून सांगितली. नालायक कुठला!

मग त्याची बदली उत्तरेला सीमेवर झाली. फोनवर तो काय जेवला ते सांगायचा, काय बघितलं ते कधीच नाही. एकदा कणकवलीहून एका अनोळखी बाईचा फोन आला. तिचा लवू प्रीतमच्याच तुकडीत होता. गोळीबारात त्याच्या पायाला लागलं, तेव्हा प्रीतमने त्याला पाठीवर टाकून चौकीपर्यंत आणलं होतं. "तुझ्या लेकामुळे माझं पोर आज माझ्या हातचं जेवतंय," ती बाई रडत म्हणाली. धाकूची छाती अभिमानाने फुगली. विमलाने मात्र देवापुढे दिवा लावला. "दुसऱ्याचं पोर यानं आणलं. याच्यावर वेळ आली तर याला कोण आणणार?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप लागली नाही.

यंदा सीमेवर पुन्हा पेटलं. गणपतीची सुट्टी रद्द झाली आणि फोनही बंद झाला. घाड्यांचा गणपती दीड दिवसाचा. विमलाने नवस बोलला, यंदा बाप्पाला पाच दिवस ठेवते, माझ्या पोराला सांभाळ.

"देवाशी सौदा कसला करतेस गो?" धाकू म्हणाला.

"सौदा नाय, पदर पसरतेय."

एकच धास्ती होती, मध्ये खंड पडायला नको. भावकीत कुणी गेल्याची बातमी कानावर आली की सुतक लागतं, आणि गणपती लगेच उठवावा लागतो. गावी दोन म्हातारे अंथरुणाला खिळलेले. विमला रोज बाप्पाला सांगायची, पाच दिवस त्यांनाही धरून ठेव रे बाबा.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मोदक वळत असताना धाकूचा फोन वाजला. तो बोलत बोलत खाली नळापाशी गेला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"कोण होतं?"

"वर्कशॉपातला," तो म्हणाला आणि दारातच पायरीवर बसला.

"आत या की."

"पाठ धरलीय गो. हयच बरा."

विमलाला ते खटकलं. थोड्या वेळाने टीव्ही लावायला गेली तर केबल बंद. शेजारची शेवंती आली आणि "माझा बिघडलाय, तुझा दे जरा," म्हणून तिचा मोबाईल घेऊन गेली. गॅलरीत एरवी पोरांचा धुडगूस असतो, आज चिडीचूप. विमलाने दोनदा बाहेर डोकावून बघितलं. दोन्ही वेळा कुणीतरी पटकन नजर वळवली.

संध्याकाळी आरतीला अख्खी चाळ लोटली. वर्षानुवर्षं न बोलणारेसुद्धा आले. टाळ्या वाजत होत्या, पण कुणाचा सूर वर चढत नव्हता. विमला मात्र घसा फोडून गात होती, आणि गाता गाता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आरतीचं ताट दारापाशी नेलं तर धाकूने हातच मागे घेतला. पाठ दुखते म्हणून माणूस देवाची ज्योत घेत नाही होय?

मग तिने प्रसाद वाटला. शेवंती म्हणजे नैवेद्य दाखवायच्या आधीच मोदकावर डोळा ठेवणारी बाई. तिने मोदक घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. विमलाने सगळीकडे बघितलं. प्रत्येकाच्या मुठीत मोदक होता आणि एकाचंही तोंड हलत नव्हतं. सुतकाच्या घरचं कुणी तोंडात घालत नाही. काय ही माणसं! बाईचा नवस मोडू नये म्हणून दुपारपासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं, पण तिच्या हातचा मोदक खायची छाती एकालाही झाली नाही.

विमलाने ताट खाली ठेवलं.

"शेवंती, बाप्पाला तू उचल," ती म्हणाली. "आमच्या हाताने आता चालायचं नाही."

शेवंतीने हंबरडा फोडला. धाकू धडपडत आत आला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही सगळ्यांनीच. आता कसं झालं ते तेवढं सांगा."

"चौकीखाली एक पोरगा पडला होता," धाकू म्हणाला. "त्याला आणायला गेला. त्याला वर ढकललं, आणि मग..."

"कधी?"

"आज पहाटे."

विमला भिंतीला टेकून खाली बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. सकाळी तिने जास्वंदीचा हार घातला होता, जमिनीला डोकं टेकून कितीतरी वेळ पुटपुटत बसली होती, आणि उठताना आज बरं वाटतंय म्हणाली होती.

"म्हणजे सकाळच्या आरतीला तो नव्हताच?" तिने विचारलं. "मग मी कुणासाठी मागत होते वो?"

धाकूने तिचा हात धरला.