कड्याकडे पाठ करून

बाकीझिओला आमच्या गावात कुणी वाईट माणूस म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. माझ्या मामेबहिणीचा, नान्नेद्दाचा, तो नवरा. मेंढपाळ, बाप आणि आजाही मेंढपाळच. बोलायला कंजूष, पण दाराशी आलेल्याला चीज दिल्याशिवाय सोडणार नाही.

त्याचं कुरण बोसा शहराच्या वरच्या अंगाला, कडे सरळ समुद्रात उतरतात तिथे. माती कमी, दगड फार. हिवाळ्याच्या पावसावर जे गवत उगवतं ते मे संपेपर्यंत. पुढे नुसती काटेरी झुडपं आणि धूळ. त्या कड्यांच्या कपारींत गिधाडं राहतात. मेंढी मेली की तिला पुरायचं नाही, माथ्यावरच्या सपाट खडकावर नेऊन ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. दुपारपर्यंत हाडं चकचकीत. बाकीझिओच्या आज्यापासून तो खडक गिधाडांचाच म्हणतात.

त्या वर्षी कोल्हा माजला. पहिलारू मेंढ्यांची कोकरं उशिरा, फेब्रुवारी-मार्चात होतात. ती एकेक करून नाहीशी व्हायला लागली. कुत्रा म्हातारा झालेला. नान्नेद्दाची जीभ तिखट. "जावई करून घेतलायस का त्याला? रोज ताट वाढतोस," म्हणायची. एका संध्याकाळी बाकीझिओने मेलेल्या कोकरात विष भरलं आणि ते खडकावर ठेवलं. विषाला बंदी आहे. पण जुन्या डब्यांत ते अजून कुणाकुणाकडे असतं, आणि कुणी कुणाला विचारत नाही.

आता, तो बेअक्कल नव्हता. गिधाड जड पक्षी. ऊन चढून, खडक तापून खालून गरम हवा उठेपर्यंत ते जागचं हलत नाही. कोल्हा अंधारात येईल, उजाडताच आपण कोकरू उचलू, असा त्याचा बेत. पण उजाडण्याआधीच माएस्त्राले सुटला. वायव्येकडून समुद्रावरून येणारा हा वारा कड्यावर आदळला की उभा वर चढतो. तसल्या वाऱ्यावर गिधाडाला उन्हाची वाट बघावी लागत नाही, पंख उघडले की झालं. बाकीझिओला हे लहानपणापासून माहीत. पण निजताना हवा पडलेली होती, म्हणून त्याच्या मनातच आलं नाही.

तो चढून पोचला तेव्हा उजाडून थोडा वेळ झाला होता, कोकराचं पोट फाडलेलं होतं आणि शेजारी दोन गिधाडं पडली होती. एकाची मान अजून हलत होती. ती थांबेपर्यंत तो तिथेच बसून राहिला, मग त्याने दोन्हींना ओढत नेऊन समुद्रात टाकलं. कोल्हा तर आलाच नव्हता.

घरी तो काही बोलला नाही. पण समोरच्या कपारीत एक घरटं होतं, त्यात अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू होतं, आणि मेलेल्यांपैकी एक तिथलं होतं हे त्याला ठाऊक होतं. जोडीतलं एक बसतं, दुसरं अन्न आणतं. उरलेलं तसंच बसून राहिलं. बाकीझिओ मेंढ्या सोडून रोज तेच बघायला जायचा. जेवण तुटलं. नान्नेद्दाला वाटलं, पोटात काहीतरी झालंय.

मग एका सकाळी तो ताजा रिकोटा, मेंढीच्या दुधाचं मऊ चीज, घेऊन माझ्याकडे आला. मला आमच्याकडे सगळे त्सिया म्हणतात, मावशी म्हणतात तसं.

"त्सिया, तुम्ही प्राण्यांचं शिकलायत ना कॉलेजात?"

"शिकले, जन्मभर शिकवलंही. काय हवंय?"

"गिधाडाचं पिल्लू एकट्या आईवर जगतं का?"

"ती भुकेने कधीतरी उठणारच. आणि डोमकावळे टपलेलेच असतात."

"आज उठली."

मी हातातली सुरी खाली ठेवली. विषाचं, वाऱ्याचं सगळं त्याने खालमानेने सांगितलं.

"मग इथे काय करतोयस?" मी म्हटलं. "लेद्दाकडे जा." लेद्दा वनखात्याचा, त्याच्याकडे दोर आहेत, कड्यावर उतरणारी माणसं आहेत.

"तो विषाच्या डब्यांसाठी सगळ्यांचे गोठे उपसेल. नान्नेद्दाला गावात तोंड दाखवता येणार नाही."

"तू तरी कुठे दाखवतोयस? ताटात बघत बसतोस."

मला गोड बोलता येत नाही. तो टोपी उचलून गेला.

पण सरळ लेद्दाकडे गेला नाही. आधी कुरणाकडून वळसा घातला. पिल्लाची आई परत आली असेल तर सांगावंच लागणार नाही, असं मनात होतं. हे त्याने नंतर आपण होऊन मला सांगितलं. तो तिथे दुपार कलेपर्यंत बसला, मग लेद्दाकडे गेला. लेद्दाची माणसं दोराने खाली उतरली तेव्हा घरट्यात थोडी पांढरी लव होती. बाकी काही नाही.

पिल्लू काय सकाळीच गेलं असेल, मी म्हटलं. तो म्हणाला, "दुपारीही गेलं असेल."

शिक्षा व्हायची ती झाली. गोठे उपसले गेले, डबे सापडले. गिधाडांबद्दल त्याला गावातलं कुणी एका शब्दाने बोललं नाही. शेजाऱ्यांच्या दारात सरकारी माणसं आणली, यासाठी मात्र कॅफेत त्याच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. नान्नेद्दा चिडली, भांडली, माझ्याशीही. त्याने कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. "भलत्याच गोष्टीवर रागावलेत," मला म्हणाला, "पण रागावलेत ते बरंय."

अजूनही त्याची मेंढी मेली की, आता परवानगी काढून, तो तिला खांद्यावरून खडकावर नेतो. परवा मीही गेले, गुडघे कुरकुरत होते तरी. मेंढी ठेवून तो लांब जाऊन बसला, कड्याकडे पाठ करून. वारा होता. डोक्यावरून पंखांची फडफड गेली, मग आणखी.

"आली?" त्याने विचारलं.

"वळून बघ की."

"तुम्ही बघा." मग म्हणाला, "त्यांत एकटं कुठलं आहे का?"

दगडावर ती एकमेकांना ढकलत होती, सगळी सारखीच.

"मला ओळखता येत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. वळला मात्र नाही.