चादरीला अडकणाऱ्या टाचा

"तिच्या टाचा चादरीला अडकत्यात रे. नवी चादर हाय, धागं निघालेत," आत्या बाहेरच्या खोलीत पप्पांना सांगत होत्या.

"उद्या पॉलिश पेपर आणून देतो तिला," पप्पा म्हणाले आणि दोघंही हसले.

आत मम्मी भाकरी थापत होती. तिला ऐकू गेलं असणारच. तिनं तव्यावरची भाकरी तेवढी उलटली. मीही गप्प बसले. आमच्या घरात गप्प बसायचं काम आम्ही दोघींनी वाटून घेतलेलं आहे.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. गुडघ्यांना आराम म्हणून सास्तूरहून ढोकीला आमच्याकडे आल्या होत्या. रोज जेवणं उरकली की मम्मी काशाच्या वाटीला तूप लावून त्यांचे तळपाय चोळायची. वाटी काळी पडली की त्या खूश. "बघ, कसली उष्णता निघाली!" त्यांच्या टाचा लहान मुलासारख्या मऊ. ती वाटी मम्मीच्या पायांना लागलेली मी कधी पाहिली नाही.

मम्मी सकाळी पहिलं पाऊल भिंत धरून टाकायची. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, त्यामुळे दिवसभर धुतलेल्या गार फरशीवर अनवाणी. खोबरेल तेलात मेणबत्ती वितळवून ती भेगा बुजवायची. फरशी पुसताना ते मेण निघून जायचं.

मेडिकलमधून मलम मीच आणलं. पाय कोमट पाण्यात भिजवायचे, वजरी हलक्या हातानं फिरवायची, कोरडे करून मलम लावायचं, वर सुती मोजे. अवघड काहीच नव्हतं. फक्त तेवढा वेळ तिला कुणी हाक मारायला नको होती.

पहिल्या रात्री मोजे बघून आत्या म्हणाल्या, "सायबीण झालीस व्हय गं?" सकाळी मोजे दोरीवर वाळत होते. "मोरीत भिजले," मम्मी म्हणाली. मोजे कोरडेच होते, मी हात लावून पाहिला.

शाळेत मी इंग्रजीतून वादविवाद जिंकले होते. घरात तोंड उघडलं की माझी पुस्तकी मराठी ऐकून आत्या म्हणायच्या, "आली बातम्यावाली!" मग मी पुन्हा खोलीत.

एका रात्री मम्मीच्या भेगेतून रक्त आलं. मम्मी नको नको म्हणत असताना मी तिला खुर्चीवर बसवलं, पाय बादलीत ठेवले. तिनं डोळे मिटले. खांदे जरा खाली आले. तिला असं नुसतं बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

"अगं, वाटी आण की! पाय लई ठणकायलेत," बाहेरून आत्यांची हाक आली.

मम्मीनं लगेच पाय बाहेर काढले, पदरानं टिपले आणि गेली. फरशीवर ओली पावलं उमटत गेली, एका टाचेपाशी लालसर. मी मलमाची ट्यूब घेऊन मागं गेले आणि दारात उभी राहिले.

आत्यांचे पाय चोळून झाले. मम्मी गुडघ्यावर हात टेकून उठणार, तोच पप्पांनी मोबाईलवरची नजर न काढता पाय पुढं केले. "माझ्याबी फिरव जरा."

मम्मी परत खाली बसली. वाटीला तूप लावायला लागली.

"पप्पा, तुमचे पाय तुम्ही चोळा," मी म्हणाले. "मम्मीचं पाणी गार व्हायलंय."