मोटारीत राहिलेल्या पुऱ्या

मूर्खपणा माझाच. २०१७ साली, अवघ्या साठ वर्षांची पोर असताना, मी जेवणाची पिशवी मोटारीत ठेवली आणि मोटार रेल्वेवर चढवू दिली.

आज इथे मस्कतमध्ये, मत्रहच्या बाजारात सून मासळी घ्यायला गेली, मला एसी लावून गाडीत बसवलं. मागच्या सीटवरच्या डब्यातल्या पुऱ्यांचा वास कोंडला होता, आणि ती रात्र आठवली. भाचीची मोटार घेऊन आम्ही हँबुर्गहून व्हिएन्नाला निघालो होतो. मोटारी रात्रीच्या रेल्वेच्या मागच्या उघड्या वाघिणींवर, माणसं पुढे बर्थवर. मस्कतमध्ये अर्धं स्वयंपाकघर गाडीतच असतं, म्हटलं भूक लागली की जाऊन आणू.

"सकाळपर्यंत तिकडे जाता येत नाही," हे म्हणाले. यांना मधुमेह, खाणं वेळेवर हवं. चूक कबूल करायची सोडून महाराणी फणकारल्या, "पिशवी तुम्हाला दिसली नाही का?"

यांनी रेल्वेच्या माणसाकडून ब्रेड मागून खाल्ला. मी वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. खालून घोरणं ऐकू येईना, तेव्हा वाटलं, चांगलेच रागावलेत. आपण कशाला आधी बोला?

त्याच वर्षी हे गेले. आता घरी सगळे कामावर असतात, दिवसभर तोंड उघडायला कारण नसतं, तेव्हा ती वाया घालवलेली रात्र मोजून परत मागावीशी वाटते.

सकाळी व्हिएन्नात मोटारी उतरताना आम्ही शेजारी उभे होतो. माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "अगं, मी रागावलो नव्हतो. तू बोलशील म्हणून रात्रभर जागा होतो."