आईने घेतलेले स्वीडिश पाढे

नेरूळला सोसायटीच्या गेटवर टॅक्सीत बॅगा चढल्या, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "न्हाई जमलं तर ये माघारी. लाज कसली त्यात?" लग्न होऊन साताऱ्याहून आली, पण तिची बोली काही बदलली नाही. मी नर्स, निघाले होते स्वीडनला. भाषेची परीक्षा पास झाले तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं तिकीट.

ती भाषा म्हणजे डोक्याला ताप. कुठलीतरी एक खुर्ची असेल तर 'एन स्तूल'. तीच ठरलेली, ओळखीची खुर्ची झाली की 'एन' मागे जाऊन चिकटतो, 'स्तूलेन'. काही वस्तूंना मात्र 'एत' लागतो: 'एत ग्लास', मग 'ग्लासेत'. कुणाला काय, ते पाठच करायचं. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार? आपल्याकडे भिंत 'ती' आणि दार 'ते' का, हे मला कुठे सांगता येतं.

माझी दुपारची सुट्टी आणि आईची दिवाबत्ती एकाच वेळी यायची. मी यादी देवनागरीत लिहून पाठवली. आई चष्मा लावून, लहानपणी पाढे घ्यायची तसे, व्हिडिओ कॉलवर शब्द घ्यायला लागली. रोज त्याच क्रमाने, त्याच चालीत. महिन्याभरात शेजारच्या काकूंनाही पाठ झाले.

परीक्षेत बाईंनी ग्लासचं चित्र दाखवलं आणि माझं घोडं अडलं. तेराचा पाढा मधूनच विचारला की आपण 'तेरा एके तेरा'पासून सुरू करतो ना, तशी मी खुर्चीपासून निघाले. ग्लासपर्यंत पोचेस्तोवर बाई पुढच्या चित्रावर. नापास.

फोनवर आई नुसतं "बरं" म्हणाली. अजून एक संधी होती. दुसऱ्या दिवसापासून ती भेंडीचा भाव सांगता सांगता मध्येच विचारायची, "ग्लास?" अशी उलटसुलट तयारी झाली आणि दुसऱ्या खेपेला मी पास झाले.

या दिवाळीत नेरूळला गेले तेव्हा तिने कबूल केलं. "पयल्यांदा नापास झालीस तवा देवाम्होरं साखर ठिवली मी. म्हनलं, पोर माघारी येतीया."

"आणि पास झाले तेव्हा?"

"तवा पेढं वाटलं. सगळ्या सोसायटीत."

मी हसता हसता रडले.

इथे स्वीडनमध्ये दारावर माझ्या नावाची पाटी आहे, शेजारी हसून बोलतात, मी मजेत आहे. पण मी परत यावं म्हणून जिचा जीव तुटत होता, आणि तरी जिने मला इथे राहायला शिकवलं, तिच्याजवळ बसलं की मगच मला घरी आल्यासारखं वाटतं.